रेव्हरंड डॉनेली आणि त्यांची पुतणी

डब्लिनचं इम्पीरियल हॉटेल पाहायला जाण्यात एकच अडचण आहे. ते १९१६ साली जळून गेलं.

ही माहिती पुतणीनं आधी फोनवर, मग विमानतळावर आणि मग घरी जेवताना दिली होती. पण काकांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, आणि गैरसोयीच्या बातम्या ते नेमक्या त्याच कानाकडे वळवतात. बेस्टमध्ये हयात घालवलेला माणूस. कंडक्टर म्हणून लागले, तिकीट तपासनीस म्हणून सुटले. मधल्या काळात युनियनच्या एका अभ्यासवर्गात, जिम लार्किन नावाच्या आयरिश पुढाऱ्यानं मालकाच्याच हॉटेलात शिरून मालकाच्याच बाल्कनीतून भाषण ठोकल्याची गोष्ट त्यांच्या उजव्या कानावर पडली. तेव्हापासून ती बाल्कनी पाहायचीच, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. पुढे पुतणी नोकरीनिमित्त डब्लिनला गेली आणि तिच्याकडे एक जादा खोली असल्याचं उघडकीला आलं.

काकूंचं आयर्लंडशी नातं त्याहून जवळचं. त्यांचं माहेर मालवण तालुक्यातलं. लिओ वराडकर २०१७ साली या देशाचे पंतप्रधान झाले, त्यांचे वडील डॉक्टर अशोक वराडकर हे वराडचे, आणि वराड मालवण तालुक्यात. म्हणजे आयर्लंड हे एका परीनं माहेरच. २०१९ च्या डिसेंबरात लिओ स्वतः गावी येऊन गेले, हे त्या पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबालाही सांगणार होत्या. पुतणीनं दंडाला धरून पुढे काढलं म्हणून राहिलं.

शहरात जायला लुआस नावाची ट्राम आहे. स्वच्छ, लांबलचक आणि काकांच्या मते बेवारस, कारण तिच्यात कंडक्टरच नाही. थांब्यावरच्या यंत्राला कार्ड टेकवायचं आणि गुमान बसायचं. काकांनी सगळा डबा नजरेखालून घातला आणि किमान चौघे बिनतिकीट आहेत असा निर्वाळा दिला. पुरावा विचारला तर म्हणाले, "चेहरे बघ."

ट्रामवरून विषय निघाला हे बरंच झालं, कारण हे सगळं प्रकरण ट्रामवरूनच सुरू झालं होतं. १९१३ साली डब्लिनच्या ट्राम कंपनीचा सर्वेसर्वा होता विल्यम मार्टिन मर्फी. 'आयरिश इंडिपेंडंट' हे वर्तमानपत्र त्याचं. सॅकव्हिल स्ट्रीटवरचं क्लेरीज हे भलंमोठं दुकान त्याचं, आणि त्या दुकानाच्या माथ्यावर चालणारं इम्पीरियल हॉटेलही त्याचंच. माणूस साधासुधा नव्हता. १९०७ साली सातव्या एडवर्डनं देऊ केलेली 'सर' ही पदवी त्यानं नाकारली होती. राजासमोर न वाकणारा हा गृहस्थ युनियनसमोर वाकेल अशी आशा करणं जरा धाडसाचंच होतं.

तर समोर लार्किन. जन्म लिव्हरपूलचा, आईबाप आयरिश, उंची दारातून वाकून जावं लागेल अशी, आणि आवाज असा की ध्वनिक्षेपकाचा शोध लागला काय न लागला काय. गोदीतले हमाल, गाडीवाले, ज्यांना कुठलीच युनियन दारात उभी करत नव्हती अशा अकुशल कामगारांना त्यानं १९०९ पासून आयरिश ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनमध्ये गोळा केलं. युनियनची कचेरी होती लिबर्टी हॉल, आणि ती इमारत म्हणजेसुद्धा एक बंद पडलेलं हॉटेल, पूर्वीचं नॉर्थम्बरलँड. मालकाचं एक हॉटेल, कामगारांचं एक हॉटेल, मध्ये लिफी नदीकडे जाणारा रस्ता. नाटककारानं असं नेपथ्य मांडलं असतं तर समीक्षकांनी त्याला बाळबोध म्हटलं असतं.

मर्फीनं युनियनच्या सभासदांना कामावरून काढायला सुरुवात केली. उत्तर मिळालं २६ ऑगस्टला. घोड्यांच्या प्रसिद्ध प्रदर्शनाचा आठवडा, गाव पाहुण्यांनी फुललेलं. सकाळी दहाच्या सुमाराला ट्रामच्या ड्रायव्हर-कंडक्टरांनी खिशातून युनियनचा लाल पंजाचा बिल्ला काढला, कोटाला टोचला, आणि गाड्या होत्या तिथेच सोडून ते चालू लागले. मधल्या रस्त्यात, प्रवासी आत बसलेले असताना.

"कॅशबॅगा?" काकांनी विचारलं.

"काय?"

"कंडक्टर गाडी सोडून गेले, तर कॅशबॅगा कुठे ठेवल्या?"

कामगार चळवळीच्या इतिहासकारांनी या प्रश्नाकडे लक्ष दिलेलं नाही.

संप मात्र मर्फीला अपेक्षित होता. गाड्या तासाभरात पुन्हा हलू लागल्या. मग लार्किननं रविवारी, ३१ ऑगस्टला, भर सॅकव्हिल स्ट्रीटवर सभा जाहीर केली. सरकारनं बंदी घातली. शुक्रवारी रात्री लिबर्टी हॉलसमोर हजारोंच्या देखत लार्किननं तो बंदीहुकूम जाळला आणि सांगितलं की रविवारी मी तिथे असेन, जिवंत नाहीतर मेलेला. पोलिस पकडायला आले तेव्हा स्वारी गायब.

तो लपला होता रॅथमाइन्समध्ये, काउंटेस मार्किएविच यांच्या घरी. आणि इथून या क्रांतीचा ताबा बायकांनी आणि नाटकवाल्यांनी घेतला. काउंट मार्किएविच हे पोलंडकडचे सरदार. त्यांचा लांब फ्रॉककोट लार्किनच्या अंगावर चढवण्यात आला. अॅबी थिएटरची नटी हेलेना मोलोनी हिनं दाढी चिकटवून केसांना पावडर लावली. धिप्पाड पुढाऱ्याचा पाठीत वाकलेला म्हातारा पाद्री झाला. कंबरेतला बाक शोभेसाठी नव्हता. ती उंची लपवायला दुसरा उपाय नव्हता.

उरला आवाज. लिव्हरपूलच्या धाटणीत त्यानं नुसतं 'गुड आफ्टरनून' म्हटलं असतं तरी दारावरचा शिपाई त्याला ओळखता. तोड निघाली ती अशी: म्हातारा ठार बहिरा. सोबत त्याची पुतणी, आणि जे काही बोलायचं ते ती बोलेल. ही पुतणी म्हणजे नेली गिफर्ड, गावोगाव गृहशास्त्र शिकवणारी तिशीतली बाई. लार्किनच्या युनियनशी तिचा तसा संबंध नव्हता, म्हणजे पोलिसांना तिचा चेहरा ठाऊक नव्हता, आणि हीच तिची पात्रता. हॉटेलात खोल्या सांगून ठेवल्या डॉनेली या नावानं. रेव्हरंड डॉनेली आणि पुतणी.

हे ऐकल्यावर काका ट्राममध्येच उठून उभे राहिले. "म्हणजे बहिरा म्हातारा आणि तोंड चालवणारी पुतणी! आणि तू मला इतके दिवस सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं, काका."

"कुठल्या कानात?"

ओ'कॉनेल स्ट्रीटच्या थांब्यावर मंडळी उतरली. सॅकव्हिल स्ट्रीटचंच हे १९२४ पासूनचं नाव. समोर आकाशात घुसलेली १२० मीटर उंचीची पोलादी सुई. त्या जागी आधी नेल्सनचा खांब होता, तो १९६६ साली बॉम्ब लावून पाडला. मग गावाला करमेना म्हणून २००३ साली ही सुई उभी केली. जवळच, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही हात आभाळाकडे फेकून उभा असलेला लार्किन. ऑशिन केली यांनी घडवलेला हा पुतळा १९७९ सालचा, आणि त्याचे पंजे एवढे मोठे आहेत की काकूंना आधी ते हातमोजे वाटले. मर्फीचा पुतळा या रस्त्यावर कुठेच नाही. ट्राम मात्र पुन्हा लार्किनच्या अंगावरून घंटा वाजवत जाते. जुनी ट्रामसेवा १९४९ साली शहरातून उठली होती. २०१७ च्या डिसेंबरात लुआस या रस्त्यावर आली.

पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर उंचच उंच दगडी खांबांची भव्य इमारत आहे आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी दिसणारं घड्याळ पुढे आलेलं आहे. हे क्लेरीज. १९२२ साली लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानाच्या धर्तीवर नव्यानं बांधलेलं.

"बाल्कनी कुठली?" काकांनी मान वर करून विचारलं.

पुतणीनं हवेतल्या एका जागेकडे बोट दाखवलं. ती बाल्कनी, ती खिडकी आणि ते हॉटेल यांतलं काहीच आता नाही, हे तिनं चौथ्यांदा सांगितलं, आणि या खेपेला उजव्या बाजूला उभं राहून. काका गप्प झाले. मग म्हणाले, "ठीक आहे. जागा तर तीच ना. पुढे सांग."

रविवारी दुपारी दीडच्या आगेमागे एक गाडी हॉटेलच्या दाराशी थांबली. रस्त्यावर जिकडेतिकडे पोलिस. सगळे लार्किनची वाट पाहत होते आणि त्यांतल्या काहींनी एका म्हाताऱ्या पाद्र्याला सौजन्यानं वाट करून दिली असणार. नेली पुढे झाली, खोल्यांची चौकशी तिनं केली, नोकरांना बोलण्यात तिनं गुंतवलं. तोवर रेव्हरंड डॉनेली जिना चढून पहिल्या मजल्यावर पोचले. रस्त्याकडच्या खिडकीच्या वाटेत फुलझाडांचे खोके आडवे आले. डब्लिनच्या कामगार उठावाचा सेनापती क्षणभर मर्फीच्या फुलझाडांत अडकून पडला होता, ही गोष्ट पुतळ्याच्या चौथऱ्यावर कोरायला हवी होती. अखेर वाट सापडली, बाक सरळ झाला आणि पाद्री बाल्कनीत येऊन गरजू लागला. बोलल्याप्रमाणे मी आलो आहे, अशा अर्थाची काही वाक्यं झाली असतील नसतील, तोच पोलिस वर धावले. भाषण मिनिटभराचं. दाढी लावायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ गेला होता.

नाटक इथे संपलं. पुढचं नाटक नव्हतं.

गंमत अशी की सभेला ठरवून आलेले कामगार त्या रस्त्यावर फारसे नव्हतेच. रक्तपात टळावा म्हणून युनियनच्या इतर पुढाऱ्यांनी मोर्चा गावाबाहेर क्रॉयडन पार्कला नेला होता. सॅकव्हिल स्ट्रीटवर होते ते चर्चमधून परतणारे, रविवारचे कपडे घालून फिरायला निघालेले आणि लार्किन येतो की नाही हे पाहायला थांबलेले बघे. लार्किनला खाली आणलं, लोकांनी जयजयकार केला, काउंटेस मार्किएविच त्याचा हात हातात घ्यायला धावल्या, त्यांच्या तोंडावर ठोसा बसला. मग पोलिसांनी लाठ्या चालवल्या, दोन्ही बाजूंनी. साप सोडून भुई धोपटणं म्हणतात, ते इतक्या शब्दशः क्वचितच घडतं. प्रिन्सेस स्ट्रीटच्या तोंडाशी लोक कोंडले गेले आणि पडलेल्यांनाही झोडपलं गेलं. जोसेफ कॅशमन या छायाचित्रकारानं टिपलेलं दृश्य आजही जिथे तिथे दिसतं: उगारलेल्या लाठ्या, पळणाऱ्या गोल हॅट आणि मधली मोकळी फरशी. चारशेहून अधिक लोक जखमी झाले. आदल्या रात्री नदीकाठच्या मारहाणीत जखमी झालेला जेम्स नोलन त्याच रविवारी वारला. पुढे सरकारी चौकशी झाली आणि तिनं पोलिसांची बाजू घेतली. हे वाक्य कुठल्याही देशाच्या इतिहासात जसंच्या तसं चालतं.

आयरिश माणसं या दिवसाला रक्तरंजित रविवार म्हणतात. त्यानंतर काही दिवसांतच लेनिननं डब्लिनवर लेख लिहिला. स्वतः क्रांती करण्याच्या चार वर्षं आधी.

काकूंना एव्हाना बसायला हवं होतं, पण पुतणीनं त्यांना हेनरिएटा स्ट्रीटवर चौदा नंबरच्या घरी नेलं. हे आता संग्रहालय आहे. अठराव्या शतकात एका धनिकासाठी बांधलेली हवेली, पुढे खोल्या पाडून भाड्यानं दिलेली. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी या एका घरात शंभर माणसं राहत होती. शहराच्या मध्यभागात अशा घरांत २६,००० कुटुंबं होती आणि त्यांतल्या २०,००० कुटुंबांना एकच खोली होती. २ सप्टेंबर १९१३ ला, रक्तरंजित रविवारनंतर दोनच दिवसांनी, चर्च स्ट्रीटवर अशी घरं कोसळून सात माणसं मेली. मार्गदर्शक बाई हळुवार आवाजात सांगत होती. बाकीचे पर्यटक सुस्कारे सोडत होते. काकू खोली निरखत होत्या. लग्नानंतर त्या लालबागच्या चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसांत नांदल्या होत्या.

"मोरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मागच्या अंगणात सगळ्यांना मिळून एक, असं पुतणीनं भाषांतर करून आणलं.

"आणि माळा? माळा नाही? मग सामान कुठे ठेवायची?" इतक्या उंच छताच्या खोलीत कुणाला माळा घालायचं सुचू नये, याचं वाईट त्यांना शंभर माणसांच्या आकड्यापेक्षा जास्त वाटलेलं दिसलं.

लार्किनच्या मिनिटभराच्या भाषणाचं बिल कामगारांनी पाच महिने फेडलं. मर्फीच्या पुढाकारानं चारशेच्या आसपास मालक एकत्र आले आणि त्यांनी कामगारांपुढे कागद ठेवला: या युनियनशी संबंध ठेवणार नाही असं लिहून द्या, नाहीतर घरी बसा. सुमारे वीस हजार माणसं घरी बसली. लिबर्टी हॉलच्या तळघरात, जिथे पूर्वी हॉटेलचं स्वयंपाकघर होतं, तिथे आता सूप शिजू लागलं. ढवळणाऱ्यांत काउंटेसबाईही होत्या. ब्रिटिश कामगारांनी 'हेअर' नावाचं जहाज भरून अन्न पाठवलं. काही बायकांनी उपाशी पोरांना थोडे दिवस इंग्लंडमधल्या कामगारांच्या घरी धाडायचा बेत केला, तर आर्चबिशपांनी विरोध केला आणि पाद्री धक्क्यावर जाऊन पोरं अडवू लागले. पोटात काही नसलं तरी चालेल, पण पोटात प्रॉटेस्टंट अन्न जाता कामा नये! खोटा पाद्री कामगारांच्या बाजूनं आणि खरे पाद्री धक्क्यावर, असा तो मोसम होता. १९१४ च्या आरंभाला माणसं हरून, मान खाली घालून कामावर परतली. मात्र पुढे युनियन मोडली नाही. म्हणजे मर्फीही पुरता जिंकला नाही.

त्याच १९१३ साली एक तेलुगू तरुण कायदा शिकायला डब्लिनला आला होता. १९१६ साली ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या उठावाच्या धामधुमीनंतर त्याला देश सोडावा लागला. भारतात परतल्यावर त्यानं रेल्वे कामगारांच्या संघटना बांधल्या आणि १९६९ साली तो राष्ट्रपती झाला. वराहगिरी वेंकटगिरी. हे ऐकून काकांना विशेष आश्चर्य वाटलं नाही. "गिरीसाहेब आपलेच," ते म्हणाले, जसे काही गिरी वडाळा डेपोला होते.

मार खाल्लेल्या कामगारांच्या संरक्षणासाठी १९१३ च्या नोव्हेंबरात आयरिश सिटिझन आर्मी उभी राहिली होती. १९१६ च्या ईस्टरच्या उठावात तिचा नेता जेम्स कॉनोली यानं क्लेरीजसमोरच्या मुख्य पोस्टात ठाण मांडलं आणि आपल्या फौजेचा झेंडा कुठे लावायचा याचा हुकूम सोडला: इम्पीरियल हॉटेलवर. लष्करी दृष्ट्या त्याचा किती उपयोग होता हे तज्ज्ञ जाणोत. मर्फीच्या नाकाला मिरच्या झोंबवायला मात्र ती जागा अव्वल होती. तोफांच्या माऱ्यात रस्ता पेटला, हॉटेल आणि दुकान खाक झालं. कॉनोलीला जखमी अवस्थेत खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या. मर्फी १९१९ साली वारला. दुकान पुन्हा बांधलं गेलं, हॉटेल नाही.

आणि त्या नव्या दुकानाचंही ऐकण्यासारखं आहे. डब्लिनमधल्या कित्येक पिढ्यांनी पहिली भेट क्लेरीजच्या घड्याळाखाली ठरवली. १२ जून २०१५ ला ते एकाएकी बंद झालं. इमारत एकीकडे, धंदा चालवणारी कंपनी दुसरीकडे, आणि ती कंपनी एका युरोला विकली गेली. सुमारे ४६० माणसं बघता बघता रस्त्यावर आली. त्यांच्या वतीनं भांडायला उभी राहिली सिप्टू, म्हणजे लार्किनच्याच युनियनची आजची वारसदार, आणि तिची कचेरी लिबर्टी हॉलमध्ये.

"एका युरोला," काका म्हणाले. या वेळी पुन्हा सांगावं लागलं नाही. पुतणीचे आजोबा, म्हणजे काकांचे वडील, परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संपावर गेले ते पुन्हा खात्यात पाऊल टाकू शकले नाहीत.

दुपारी मंडळी कॉलिन्स बॅरॅक्समधल्या राष्ट्रीय संग्रहालयात पोचली, कारण इम्पीरियल हॉटेलवरची जी वस्तू आगीतून वाचली ती तिथे आहे: तो झेंडा. हिरव्या कापडावर सोनेरी नांगर, नांगराचा फाळ तलवारीचा, आणि त्यावर सप्तर्षींचे सात तारे.

पुतणीनं राखून ठेवलेली गोष्ट इथे सांगितली. नेली गिफर्डनं १९१६ च्या उठावात भाग घेतला, तुरुंगात गेली, नंतर अमेरिकेला गेली. तिथे तिनं लग्न केलं. नवऱ्याचं आडनाव डॉनेली. परतल्यावर उठावातल्या चीजवस्तू जमवायच्या मागे लागली आणि १९३२ साली तिनं त्यांचं प्रदर्शन मांडलं. या संग्रहालयातल्या त्या काळच्या दालनाचा पाया तोच. रेव्हरंडांची पुतणी शेवटपर्यंत लोकांच्या वतीनं बोलतच राहिली.

काका प्रभावित झाले आणि तिचा पुतळा कुठे आहे ते विचारू लागले. काकू काचेला नाक लावून तारे मोजत होत्या.

"सातच आहेत."

"सातच असतात गं," काका म्हणाले.

"आणि अरुंधती? वसिष्ठ एकटाच काढलाय. लग्नात दाखवतात ती शेजारची चांदणी कुठे गेली?" त्यांनी पुतणीला कोपरानं ढोसलं. "विचार त्या माणसाला."

दालनात निळ्या कोटातला पहारेकरी उभा होता. पुतणी त्याच्याकडे गेली. वसिष्ठापासून सुरुवात करावी की सप्तपदीपासून, हे तिचं ठरेना. तिनं लग्नापासून सुरुवात केली. पहारेकऱ्यानं सगळं शांतपणे ऐकलं, झेंड्याकडे पाहिलं, मग काकांकडे बोट करून हलक्या आवाजात तिला विचारलं की या वयस्कर गृहस्थांना ऐकू कमी येतं का, कारण ते मघापासून दोरीच्या आत उभे आहेत.